दुष्काळ कुंपणापाशी थांबतो: अमेरिकेतल्या गुरंवाल्यांना सरकारी मदत कशी मिळते

ऑक्टोबर २०१३ च्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्याच्या पश्चिम भागातली गुरं अजून उन्हाळी कुरणांवरच होती. हिवाळ्याचे दाट केस अंगावर चढायला अवकाश होता. ३ तारखेला आधी पाऊस आला. गुरं चिंब भिजली. मग त्या पावसाचा बर्फ झाला आणि मागोमाग वारा सुटला. ब्लॅक हिल्सच्या डोंगरात काही ठिकाणी चार फुटांहून जास्त बर्फ साचला. वादळात वाऱ्याकडे पाठ करून चालत राहायचं, हा गुरांचा स्वभाव. ती चालत राहिली, बर्फात बुडालेल्या कुंपणांवरून पुढे गेली, ओढ्यांत पडली, रस्त्याकडेच्या चरांत ढिगाने मेली. राज्याचा नंतरचा अंदाज १५ ते ३० हजार गुरांचा होता. त्या वादळाला ‘अ‍ॅटलस’ म्हणतात.

बर्फ वितळला तेव्हा गुरंवाल्यांनी ज्या सरकारी कार्यालयात धाव घ्यायची, त्याला टाळं होतं. खर्चाच्या मंजुरीवरून काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, तिढा पडल्यामुळे १ ऑक्टोबरपासून केंद्र सरकारचं कामकाजच बंद होतं. ते सुरू व्हायला १७ तारीख उजाडली. त्यात आणखी एक भानगड. मेलेल्या जनावरांची भरपाई देणारी योजना कायद्यात होती, पण तिचा निधी ३० सप्टेंबर २०११ लाच संपला होता आणि नवा शेतीकायदा रखडला होता. म्हणजे गाय मेलेली, पंचनामा करणारा घरी बसवलेला, आणि ज्या योजनेखाली पंचनामा करायचा ती योजना बिनपैशाची.

त्या दिवसांत जाणत्या लोकांनी गुरंवाल्यांना एकच सल्ला दिला. मढी पुरायच्या आधी फोटो काढा. मोजा. कानातल्या बिल्ल्यांचे नंबर लिहून ठेवा. घरच्या नसलेल्या एखाद्या माणसाला नेऊन दाखवा आणि त्याची सही घ्या. कशासाठी, ते तेव्हा कुणालाच ठामपणे सांगता येत नव्हतं.

७ फेब्रुवारी २०१४ ला नवा शेतीकायदा झाला. त्यात ही मदत कायमची केली आणि १ ऑक्टोबर २०११ पासून मागे जाऊन लागू केली. १५ एप्रिलपासून अर्ज सुरू झाले. ज्यांच्याकडे कागद होते त्यांना पैसे मिळाले. वादळ गेल्यावर सहा महिन्यांनी.

अमेरिकेतली शेतीची आपत्ती-मदत समजून घ्यायची तर मला हा प्रसंग फार उपयोगी वाटतो. तिथे पैसा भरपूर आहे. आपल्याला चकित करण्याइतका भरपूर. पण तो पैसा नुकसानीच्या मागे धावत नाही, कागदाच्या आणि नकाशावरच्या रेषेच्या मागे धावतो. ते कसं, तेच या लेखात पाहू.

काउंटी म्हणजे केवढी

काउंटी हे राज्याखालचं प्रशासकीय एकक. देशभरात अशा ३,१०० वर काउंट्या आहेत. आपल्या भाषेत तालुका म्हणावं की जिल्हा, हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी वेगळा सुटतो. अ‍ॅटलसचा तडाखा बसलेली साउथ डकोटातली मीड काउंटी घ्या. क्षेत्रफळ सुमारे ९,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याहून मोठी. लोकवस्ती २०२० च्या जनगणनेत ३० हजारांच्या आत. (तिथलं स्टर्जिस हे मुख्य गाव दरवर्षी ऑगस्टमध्ये मोटारसायकलवाल्यांच्या जत्रेने भरून जातं, एरवी शांत.) एवढ्या जमिनीवर एवढी कमी माणसं असली की उरते ती कुरणं आणि गुरं. ‘रँच’ म्हणजे हेच: नांगरट नाही, किंवा असली तर थोडी, शेकडो-हजारो एकर गवत आणि त्यावर चरणाऱ्या गाई. गाईने वर्षाला एक वासरू द्यायचं, ते शरद ऋतूत विकायचं, त्यावर वर्ष काढायचं. एक गाय मेली तर नुसती गाय जात नाही, तिची पुढची पाच-सहा वासरंही जातात.

शेतीच्या सरकारी कामासाठी केंद्राच्या कृषी खात्याची ‘फार्म सर्व्हिस एजन्सी’ आहे. तिची कार्यालयं काउंटीपातळीवर असतात. तलाठी, कृषी सहायक आणि सोसायटीचा सचिव यांना एका खोलीत बसवलं तर जे होईल, तसं काहीसं. कुणाची किती जमीन, कुठल्या तुकड्यात काय पेरलं, कुणाचं कुरण भाड्याचं, सगळं त्यांच्या दप्तरी. या कार्यालयावर स्थानिक शेतकऱ्यांची निवडून आलेली समिती असते: तीन ते अकरा सदस्य, तीन वर्षांची मुदत. आपल्या काउंटीत चराईचा हंगाम कधीपासून कधीपर्यंत धरायचा, अशा गोष्टीत समितीचं मत लागतं. वरवर किरकोळ वाटणाऱ्या त्या तारखांवर पुढे लाखो डॉलर अवलंबून असतात.

मदतीचे पैसे एकाच खिशातून येत नाहीत. पहिला खिसा पीकविम्याचा. विम्याच्या हप्त्यातला सरासरी ६० टक्क्यांहून जास्त वाटा सरकार भरतं, उरलेला शेतकरी. आपल्याकडे २०२३ ते २०२५ या काळात एक रुपयात विमा मिळत होता, तशी चैन तिथे नाही. मका, सोयाबीन, गहू यांच्यासाठी विमा हाच मुख्य आधार. गवताचाही विमा निघतो, पण तो तुमच्या कुरणात पडलेल्या पावसावर नसतो. नकाशावर चौकोन आखलेले असतात आणि त्या चौकोनात सरासरीच्या किती टक्के पाऊस झाला, त्यावर पैसे. विमाच मिळत नाही अशा पिकांसाठी आणखी एक वेगळी योजना आहे. याशिवाय कृषिमंत्री एखादी काउंटी आपत्तीग्रस्त जाहीर करतात, तेव्हा तिथल्या आणि लगतच्या काउंट्यांतल्या शेतकऱ्यांना कमी व्याजाचं आपत्कालीन कर्ज मिळतं. बातमीत ‘आपत्तीग्रस्त काउंटी जाहीर’ असं वाचलं की लोकांना वाटतं पैसे वाटले. वाटलेलं नसतं काही. कर्जाचं दार उघडलेलं असतं.

गुरंवाल्यांचा खरा विषय त्यापुढचा आहे, तिथे थोडं थांबू.

गुरुवार सकाळचा नकाशा

दर गुरुवारी सकाळी अमेरिकेत एक नकाशा प्रसिद्ध होतो. त्याचं नाव ‘ड्रॉट मॉनिटर’. नेब्रास्का विद्यापीठातलं राष्ट्रीय दुष्काळ केंद्र, कृषी खातं आणि हवामान-सागर प्रशासन मिळून तो १९९९ पासून काढतात. पाऊस, मातीतला ओलावा, नद्यांची पातळी, उपग्रहातून दिसणारा हिरवेपणा, हे सगळं मंगळवार सकाळपर्यंतचं घेऊन तज्ज्ञ आळीपाळीने नकाशा रंगवतात. पिवळ्यापासून गडद तपकिरी-लालपर्यंत पाच पायऱ्या: डी-शून्य म्हणजे नुसती कोरड, मग डी-१, डी-२ म्हणजे तीव्र, डी-३ म्हणजे अतितीव्र, आणि डी-४ म्हणजे असा दुष्काळ जो त्या जागी शंभरातल्या सर्वात वाईट दोन वर्षांत बसावा.

नकाशा मुळात माहितीसाठी होता. २००८ च्या शेतीकायद्याने त्याला तिजोरीची किल्ली केलं. ‘लाइव्हस्टॉक फोरेज प्रोग्रॅम’ ही चाऱ्याची योजना थेट या रंगांवर चालते. चराईच्या हंगामात काउंटीचा कुठलाही भाग डी-३ मध्ये एकदा जरी गेला, तरी तीन महिन्यांचे पैसे. डी-३ मध्ये चार आठवडे राहिला किंवा डी-४ ला एकदा शिवला, तर चार महिन्यांचे. डी-४ मध्ये चार आठवडे, तर पाच महिन्यांचे. कुणी शेतावर येत नाही. गवत किती वाळलं हे कुणी बघत नाही. तुमचं कुरण त्या काउंटीत आहे, तुमची गुरं दुष्काळाच्या आधीपासून तुमच्याकडे आहेत, एवढं सिद्ध केलं की झालं.

आपल्याकडे पंचनाम्यासाठी तलाठ्याची वाट बघण्यात ज्यांचे आठवडे गेले आहेत, त्यांना हे स्वर्गासारखं वाटेल. माझंही पहिलं मत तसंच झालं होतं. वशिला नाही, चिरीमिरी नाही, ‘साहेब आज मीटिंगला गेलेत’ नाही.

पण ‘काउंटीचा कुठलाही भाग’ हे शब्द पुन्हा वाचा. मीडसारख्या नऊ हजार चौरस किलोमीटरच्या काउंटीत पूर्वेचा एक कोपरा लाल झाला, तर पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी ज्याचं गवत गुडघाभर आहे, तोही पात्र. आणि समजा हद्दीपलीकडच्या काउंटीत रंग एक पायरी फिका राहिला, तर तिथला माणूस अपात्र. मग त्याचं कुरण पहिल्याच्या कुरणाला लागून का असेना. मधे चार तारांचं कुंपण. एका बाजूला दुष्काळ, दुसऱ्या बाजूला सरकारी दृष्टीने सगळं आलबेल. एकाच माणसाची जमीन दोन्हीकडे असेल तर त्याचा एक हात दुष्काळग्रस्त आणि दुसरा नाही.

डी-२ ची गोष्ट तर आणखी गमतीची, आणि ज्याच्यावर बेतते त्याला मुळीच गमतीची नाही. गेली अनेक वर्षं नियम असा होता: डी-२ सलग आठ आठवडे टिकला तर एका महिन्याचे पैसे. सलग. आता असा गुरंवाला डोळ्यासमोर आणा की ज्याची काउंटी सात आठवडे डी-२ मध्ये आहे. गवत करपलंय, तळं आटलंय, तो टँकरने पाणी आणतोय. सातव्या आठवड्याच्या शेवटी एक चांगली सर येते. गवत उठण्याइतकी नाही, पण नकाशावरचा रंग एका आठवड्यापुरता फिका करण्याइतकी. मोजणी शून्यावर. दुष्काळात पावसाची भीती वाटावी, असा नियम कुणी मुद्दाम करत नाही. तो आकड्यांतून आपोआप जन्मतो. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने हे सैल केलं: आता डी-२ चे सलग चार आठवडे पुरतात एका महिन्यासाठी, आणि आठपैकी सात आठवडे असले तर दोन महिन्यांचे मिळतात. आठातला एक आठवडा माफ. कुणाला तरी त्या सातव्या आठवड्याची कळ समजली असावी.

नकाशावर पैसे ठरायला लागले की नकाशा काढणाऱ्यांना फोन येऊ लागतात, हे ओघाने आलंच. तज्ज्ञांना काउंट्यांतून, राज्यांतून निरोप जातात: आमच्याकडे येऊन बघा, तुमचा रंग चुकलाय. त्यासाठी आता रीतसर सोय आहे. कुणीही आपल्या शेतातली स्थिती फोटोसह नोंदवू शकतो आणि नकाशा काढताना त्या नोंदी पाहिल्या जातात. म्हणजे पंचनामा गेला नाही. तो गुरंवाल्याने स्वतः करून पाठवायचा झाला.

गाय खाते गवत, हिशोब मक्याचा

‘एका महिन्याचे पैसे’ म्हणजे किती? इथे कायद्याने एक सुंदर विचित्र गणित घातलंय. एक मोठी मांसाळ जातीची गाय दिवसाला १५.७ पौंड, म्हणजे सात किलोच्या थोडं वर, मक्याइतका चारा खाते असं धरायचं. त्याला मक्याच्या देशभरच्या सरासरी भावाने गुणायचं. गेल्या १२ महिन्यांचा भाव आणि गेल्या २४ महिन्यांचा भाव यांत जो जास्त तो घ्यायचा. तीस दिवसांचा खर्च काढायचा. त्याच्या ६० टक्के म्हणजे एका महिन्याची मदत. शिवाय तुमच्या कुरणावर मुळात किती गुरं पोसतात याचा वेगळा हिशोब करायचा, आणि दोन्हींत जो आकडा लहान तो द्यायचा.

कुरणावरची गाय मका खात नाही. दुष्काळात तिला वाळलं गवत विकत आणून घालावं लागतं, आणि त्याचा भाव त्याच भागात, त्याच महिन्यात भडकलेला असतो. सूत्रात त्या गवताचा भाव कुठेच नाही. आयोवा राज्यात मका उदंड पिकला आणि भाव पडला, तर डकोटातल्या करपलेल्या कुरणावरच्या गाईची मदत कमी होते. सूत्र सोपं हवं तर असं होणार, असं कुणी म्हणेल. मान्य. पण सोपं म्हणजे बरोबर नव्हे.

आकडे मांडून बघू. हे आकडे फक्त समजण्यासाठी, खरे दर वर्षागणिक बदलतात. समजा महिन्याचा खर्च गाईमागे ५० डॉलर निघाला. ६० टक्के म्हणजे ३०. ज्याच्याकडे ३०० गाई आहेत आणि काउंटी डी-३ ला एकदा शिवून गेली, त्याला तीन महिन्यांचे २७,००० डॉलर. तोच रंग डी-४ मध्ये चार आठवडे राहिला तर ४५,०००. हजार गाईवाल्याला पाच महिन्यांचे दीड लाख निघतात, पण तिथे कमाल मर्यादा आडवी येते: या योजनेत एका व्यक्तीला वर्षाला १,२५,००० डॉलरपेक्षा जास्त नाही. दुष्काळामुळे ज्याने आधीच गुरं विकून टाकली, त्याला त्या विकलेल्या गुरांवर ८० टक्के दराने मिळतात. ही तरतूद मला शहाणपणाची वाटते. नाहीतर मदतीसाठी लोक उपाशी गुरं उरावर बाळगत बसले असते.

आपले निकष शेजारी ठेवून बघण्याचा मोह होतो. आपल्या केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, तेही ३३ टक्के किंवा जास्त नुकसान असेल तर आणि दोन हेक्टरांपर्यंतच. मेलेल्या दुभत्या गाई-म्हशीला ३७,५०० रुपये, तीन जनावरांपर्यंत. आपली मर्यादा पोटापुरत्या शेतीला डोळ्यासमोर ठेवून आखलेली. त्यांची मर्यादा धंद्याला. दोन्हीकडे तक्रार मात्र एकच ऐकू येते, की मर्यादा चुकीच्या जागी आहे.

मेलेलं जनावर सिद्ध करणं

दुष्काळात गुरं सहसा मरत नाहीत, विकली जातात. वादळ, पूर, आग, वीज, कडाक्याची थंडी यांत मरतात. त्यासाठी ‘लाइव्हस्टॉक इन्डेम्निटी प्रोग्रॅम’ आहे, आणि तिथे नकाशा उपयोगाचा नाही. तिथे पुरावा लागतो.

जनावराच्या प्रकार-वजनानुसार बाजारभाव ठरवलेला असतो, त्याच्या ७५ टक्के मिळतात. पण सगळ्या मेलेल्या जनावरांचे नाही. दरवर्षी काही गुरं अशीही मरतातच, असं गृहीत धरून राज्याराज्याला एक ‘नेहमीचा मृत्युदर’ ठरलेला असतो. तेवढी वजा करून उरलेल्यांचे पैसे. शंभर वासरांमागे समजा पाच नेहमीची मरतात असं धरलं आणि वादळात आठ गेली, तर भरपाई तिघांची. बाकी पाच तुमच्या नशिबाची.

पुरावा म्हणजे काय? पशुवैद्याचा दाखला, फोटो, मेलेली जनावरं उचलून नेणाऱ्या गाडीची पावती, बँकेच्या कर्जाच्या कागदात लिहिलेली गुरांची संख्या, गुरांच्या अंगावर डागलेल्या मालकीच्या छापाच्या तपासणीची नोंद, त्रयस्थ माणसाचं लेखी म्हणणं. वादळाआधी किती होती आणि नंतर किती उरली, दोन्ही दाखवायचं. अ‍ॅटलसमध्ये काही गुरं वाहत वाहत मैलोन्‌मैल दूर, दुसऱ्याच्या रानात सापडली. काही सापडलीच नाहीत. कागदावर न सापडलेली गाय ही मेलेली गाय नसते.

लांडगा-अस्वलाने मारलेल्या जनावरांचाही यात समावेश आहे. २०२५ च्या कायद्याने त्यांची भरपाई बाजारभावाच्या १०० टक्के केली. लांडगे बऱ्याच भागांत सरकारी संरक्षणाखाली आहेत, तेव्हा त्यांनी केलेलं नुकसान सरकारने पुरतं भरावं, असा त्यामागचा युक्तिवाद. आपल्याकडे बिबट्याने शेळी नेल्यावर वनखात्यापुढे होणारा वादही साधारण असाच असतो.

आगीचा प्रकार वेगळाच. २६ फेब्रुवारी २०२४ ला टेक्ससच्या उत्तरेच्या टोकाला ‘स्मोकहाउस क्रीक’ नावाची आग लागली आणि दहा लाख एकरांवर जळून गेलं, त्या राज्याच्या इतिहासातली सर्वात मोठी. हजारो गुरं मेली. मेलेल्यांना वरची योजना. पण जगलेल्या गुरांना खायला कुरण उरलं नाही त्याचं काय? चाऱ्याची दुष्काळी योजना आगीला लागू होते, पण फक्त सरकारी मालकीच्या कुरणांवर. स्वतःच्या मालकीचं कुरण जळालं तर ‘ईलॅप’ नावाच्या तिसऱ्या योजनेकडे जायचं. ही ईलॅप म्हणजे उरलंसुरलं गोळा करणारी पोतडी: मधमाश्यांचं नुकसान तिच्यात, दुष्काळात टँकरने पाणी आणण्याचा खर्च तिच्यात, २०२४ मध्ये दुभत्या गाईंना बर्डफ्लू झाला तेव्हा घटलेल्या दुधाचे पैसेही तिच्यातूनच. आणि कुंपण? कुंपणाला चौथी योजना, खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत. मैलभर तारेचं कुंपण घालायला हजारो डॉलर लागतात, त्यामुळे आगीनंतर पहिला फोन बहुधा याच योजनेसाठी जातो. एक आग, चार अर्ज.

उशिरा येणारा पैसा

आतापर्यंत सांगितल्या त्या कायमच्या योजना. यांशिवाय काँग्रेस अधूनमधून वेगळी रक्कम मंजूर करते. २०१७ च्या चक्रीवादळांनंतर हे जे सुरू झालं ते थांबलेलं नाही. २०२० आणि २०२१ च्या नुकसानीसाठी १० अब्ज डॉलर मंजूर झाले आणि वाटप सुरू झालं २०२२ मध्ये. २०२३ आणि २०२४ च्या नुकसानीसाठी कायदा झाला २१ डिसेंबर २०२४ ला. त्यात आपत्तीसाठी २० अब्जांहून जास्त डॉलर, पैकी दोन अब्ज गुरांसाठी. वाटपाला २०२५ चं वर्ष निम्मं उलटलं. २०२३ च्या उन्हाळ्यात महाग गवत विकत घेतलेल्या माणसाच्या हातात दोन वर्षांनी पैसे. तोवर त्याने एकतर कर्ज काढलेलं असतं किंवा गुरं विकलेली.

या वाटपात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. दुष्काळ आणि वणवा यांची ही जादा मदत ज्यांनी चाऱ्याच्या योजनेत आधीच अर्ज केलेला होता त्यांना नव्या अर्जाशिवाय, जुन्या नोंदीवरून थेट मिळाली. कारकुनाच्या दृष्टीने उत्तम. कामाचे महिने वाचले. पण ज्याने आधी कागद केला नव्हता, कारण त्याला योजना माहीत नव्हती, किंवा भाडेकरार तोंडी होता, किंवा कार्यालय पन्नास मैलांवर होतं, तो दुसऱ्यांदाही बाहेर. एकदा यादीत आलेला पुन्हा पुन्हा येतो.

याआधीचा काळ जास्त चांगला होता असंही नाही. २००२-०३ मध्ये गुरांसाठी अशी एक योजना होती, जिच्यात काउंटी कुठल्याही कारणाने आपत्तीग्रस्त जाहीर झाली की तिथल्या गुरांमागे पैसे. नुकसान सिद्ध करायची गरजच नाही. २००६ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने हिशोब काढला, तेव्हा सुमारे १२० कोटी डॉलरपैकी ६३ कोटींहून जास्त रक्कम अशा भागांत गेली होती जिथे दुष्काळ बेताचा होता किंवा नव्हताच. कोलंबिया अंतराळयान फुटून त्याचे तुकडे टेक्ससच्या काही काउंट्यांत पडले, म्हणून त्या आपत्तीग्रस्त ठरल्या आणि तिथल्या गुरंवाल्यांनाही चाऱ्याचे पैसे मिळाले! गुरुवारचा रंगीत नकाशा कितीही आडमुठा असला, तरी या प्रकारापेक्षा बरा.

यादीत कोण दिसतं

अमेरिकेत कुठल्या काउंटीत कुणाला किती शेती-अनुदान आणि आपत्ती-मदत मिळाली, याच्या याद्या उघड आहेत. ‘एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप’ ही संस्था १९९५ पासूनची आकडेवारी लोकांपुढे ठेवते. एखाद्या ग्रामीण काउंटीची यादी उघडली की वरची दहा-वीस नावं बघून डोळे विस्फारतात. ती वाचताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात.

पैसे गाईमागे मिळतात. त्यामुळे ज्याच्या गाई जास्त तो वर, हे गणितातच आहे. त्यात लबाडी असेलच असं नाही. मोठी रक्कम दिसली म्हणजे नफा झाला असंही नाही. पाच महिन्यांचा चारा विकत घेतलेल्या माणसाला त्याच्या खर्चाचा एक तुकडा परत मिळालेला असतो. उलट, कमाल मर्यादेचा आकडा पाहून सगळे त्याखाली असतील असंही समजू नये. मर्यादा ‘व्यक्तीला’ आहे. भाऊ-भाऊ, बाप-मुलगा यांनी भागीदारी केली तर प्रत्येक भागीदाराची मर्यादा वेगळी धरली जाते. २०२५ च्या कायद्याने काही प्रकारच्या कंपन्यांनाही हीच सवलत दिली. एका उंबऱ्याआड चार मर्यादा मावतात. आपल्याकडे सातबाऱ्यावर वाटण्या कशा होतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. मेलेल्या गुरांच्या भरपाईवरची कमाल मर्यादा तर २०१८ मध्ये काढूनच टाकली.

यादीत जे दिसत नाहीत, त्यांची गोष्ट वेगळी. मीड काउंटीच्या पूर्वेला शायन रिव्हर हा मूलनिवासींचा राखीव प्रदेश आहे. अशा प्रदेशांत जमीन बऱ्याचदा सरकारच्या विश्वस्त ताब्यात असते, वारसांत शेकडो तुकड्यांनी विभागलेली असते. कुरण माझ्याच वहिवाटीत आहे हे कागदाने दाखवणं, हीच पहिली लढाई. कृषी खातं कर्ज देताना मूलनिवासी शेतकऱ्यांशी वर्षानुवर्षं भेदभाव करत आलं, असा दावा नॉर्थ डकोटातल्या कीपसीगल या गुरंवाल्या दांपत्याने आणि इतरांनी १९९९ मध्ये लावला. त्याच वर्षी कृष्णवर्णीय शेतकऱ्यांचा अशाच स्वरूपाचा दावा तडजोडीने मिटला होता. कीपसीगल खटल्याची तडजोड व्हायला २०१० उजाडलं, ती ७६ कोटी डॉलरची. दावेदारांना वाटूनही पुष्कळ रक्कम उरली, कारण इतक्या वर्षांनी अर्ज करणारे अपेक्षेपेक्षा कमी निघाले. त्या उरलेल्या पैशातून २०१८ मध्ये मूलनिवासी शेतीसाठी २६ कोटी ६० लाख डॉलरचा निधी उभा राहिला.

१ ऑक्टोबर २०२५ ला अमेरिकी सरकारचं कामकाज पुन्हा बंद पडलं. २०१३ सारखंच, त्याच तारखेला. काउंटीची कार्यालयं पुन्हा कुलूपबंद झाली. या वेळी तीन आठवड्यांनी, २३ ऑक्टोबरला, बंद चालू असतानाच सुमारे २,१०० कार्यालयं उघडण्यात आली. प्रत्येकात दोन माणसं. मधल्या तीन आठवड्यांत कुठे वीज पडून गाय दगावली असेल, तर तिच्या मालकासाठी बारा वर्षांपूर्वीचाच सल्ला लागू होता: पुरायच्या आधी फोटो काढ, बिल्ल्याचा नंबर लिहून ठेव, आणि शेजाऱ्याला बोलाव.